गोळी सुरू करण्याआधी पिशवी दाखवा

तळेऱ्याच्या बाजारपेठेत उभे राहिले की आपल्या भागातल्या उपचारांच्या वाटा कशा फुटतात ते कळते. वैभववाडीवरून घाट चढला की कोल्हापूर. महामार्गाने खाली गेले की कणकवली, ओरोस आणि त्याही पुढे गोव्यातले बांबोळी. त्यामुळे एकाच माणसाचा हृदयाचा डॉक्टर कोल्हापूरचा, साखरेच्या गोळ्या कणकवलीच्या आणि पित्ताची गोळी नाक्यावरच्या मेडिकलमधून नुसती विचारून आणलेली, असे सर्रास दिसते. एरवी हे खपूनही जाते. पण त्यात हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांची भर पडणार असेल, तर ही सगळी औषधे कोणीतरी एकत्र पाहायलाच हवीत.

हिपॅटायटिस सी हा रक्तावाटे पसरणारा, यकृताला पोखरणारा विषाणू आहे. पुन्हा वापरलेली सुई, तपासणी न झालेले रक्त, डायलिसिसमधली हयगय, दुसऱ्याचे ब्लेड अशा मार्गांनी तो शरीरात शिरतो आणि वीस-वीस वर्षे काहीही त्रास न देता राहतो. 1989 मध्ये त्याचा शोध लागला आणि त्या कामासाठी 2020 चे नोबेल पारितोषिक दिले गेले. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने असत. ती वर्षभर घेऊनही अनेकांचा आजार बरा होत नसे. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुवीर ही गोळी आली. तिथे बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत 84 हजार डॉलर होती. 2014 मध्ये मुंबईच्या सिप्लासह काही भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला आणि किंमत कोसळली. 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. बहुतेकांना रोज एकदा, बारा आठवडे औषध घ्यावे लागते. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात.

मग घोडे अडते कुठे? या गोळ्यांचा स्वतःचा त्रास फारसा नाही. थोडी डोकेदुखी, थोडा थकवा, एवढेच. धोका असतो तो सोबतच्या औषधांचा, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही.

आपल्याकडची सर्वांत निरुपद्रवी समजली जाणारी पित्ताची गोळीच घ्या. वेल्पाटासवीर हे औषध पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषले जात नाही. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल घेणाऱ्याच्या पोटात ते आम्लच कमी असते. रुग्ण इमानेइतबारे गोळी घेतो, पण रक्तात औषध अपुरे पोचते. क्षयाचे रिफॅम्पिसिन आणि फिटवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधेही या गोळ्यांचा प्रभाव घालवतात. हृदयाची लय सांभाळणारे अमिओडॅरोन सोबत असेल, तर नाडी जिवावर बेतेल इतकी मंदावू शकते. हे औषध थांबवल्यावरही कित्येक आठवडे शरीरात राहते, म्हणून पूर्वी घेत असाल तरी सांगायला हवे. विषाणू कमी होऊ लागला की मधुमेहींची साखर खाली येऊ शकते. नेहमीच्याच डोसने घाम फुटणे, चक्कर येणे सुरू झाले तर अशक्तपणा समजून गप्प बसू नये. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन चालू असेल तर त्याची तपासणी अधिक वेळा करावी लागते.

सुरुवातीला हिपॅटायटिस बीचीही तपासणी झालीच पाहिजे. दोन्ही विषाणू असतील तर सी मागे हटल्यावर दबलेला बी उसळून यकृत निकामी करू शकतो. काहींना रिबाविरिन द्यावे लागते. त्याने गर्भाला गंभीर इजा होते, म्हणून पती-पत्नी दोघांनीही उपचारात आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळायची असते.

राहता राहिला झाडपाला. कावीळ म्हटली की गावठी औषध ही आपली जुनी रीत. दूषित पाण्याची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय मुळीला मिळते. हिपॅटायटिस सी बहुतेकांमध्ये तसा उतरत नाही. काढ्यात काय आहे हे माहीत नसताना तो या गोळ्यांसोबत घेणे म्हणजे आजारी यकृतावर आणखी ओझे. तो थांबवावा, आणि घेतला असेल तर लाज न बाळगता सांगावे.

या सगळ्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणे मला पटत नाही. हातात तीन चिठ्ठ्या असलेल्या माणसाला कोणती गोळी कोणाशी भांडते हे कसे कळणार? औषध मोफत दिले म्हणजे काम संपले असे होत नाही. पहिली बाटली देण्याआधी घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर उघडून पाहणे, आणि दर महिन्याच्या बाटलीला पुन्हा विचारणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधनिर्माता आणि गावातला मेडिकलवाला यांनाही यात सामावून घ्यावे. भातलावणी आहे, एसटी चुकली, एवढ्या कारणाने बाटली संपून चार दिवस खंड पडू नये, याचीही सोय हवी. पहिला उपचार फसला तर दुसरा लांबतो आणि अवघड होतो.

रुग्णाने करायचे ते थोडेच. गोळीची वेळ ठरवावी. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. बरे वाटते म्हणून मध्येच थांबू नये आणि कोणतेही औषध मनाने बंद करू नये. दारू नको. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणूची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण बरे झालो की नाही हे तीच सांगते. अँटिबॉडीची तपासणी पुढेही पॉझिटिव्हच येते, तिला घाबरू नये. यकृत आधीच आकसलेले असेल, तर बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

आणि पुढच्या वेळी ओरोसला जा किंवा कोल्हापूरला, निघताना नुसती फाइल घेऊ नका. उशाशी, फ्रिजवर, देवळीत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि काढे एका पिशवीत भरून सोबत न्या.