माशी आणि चष्मा

कन्येने दहा मीटर एअर पिस्तुलाचा नाद घेतला, तेव्हा कौतुकाने मी दिवाळीची भेट म्हणून रायफलीची दुर्बीण आणली. “बाबा, स्पर्धेत ही चालत नाही हो! साधी माशीच लागते.”

तरी हट्टाने बसवून पाहिली. या दुर्बिणीला डोळा तीनेक इंचांवर लागतो, आणि पिस्तूल तर धरायचे हात लांब करून! काही दिसेना. लांबून पाहायच्या दुर्बिणी मिळतात म्हणे. पण त्या लक्ष्याबरोबर हाताची थरथरही मोठी करतात.

मग लेकीने बापाला शिकवले. मागच्या खाचेत पुढची माशी मधोमध, दोन्हींचे माथे एका रेषेत. नजर माशीवर, लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचे, आणि त्याच्याकडे पाहायचेच नाही!

पंचावन्नाव्या वर्षी माझी माशीच धूसर. “तुम्ही लाल ठिपक्याचे भिंग घ्या,” कन्या म्हणाली, “ठिपका नि लक्ष्य दोन्ही स्पष्ट दिसतात. तुम्हाला कुठे स्पर्धेला जायचंय?”

हे मात्र लागले. दुसऱ्याच दिवशी चष्मेवाल्याकडे गेलो. “किती अंतराचा हवा?” त्याने विचारले. मी उजवा हात ताणून दाखवला. चष्मा शुक्रवारी मिळणार आहे.