खडकाआडची वही

इंग्लंडमधील डार्टमूर हे ग्रॅनाइटच्या खडकांचे विस्तीर्ण माळरान. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने तेथील क्रॅनमिअर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली. पायी तेथवर पोहोचलेले प्रवासी तीत आपल्या नावाचे कार्ड ठेवू लागले. त्यातूनच ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद रूढ झाला. आता कपारीत दडवलेल्या डब्यात एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. शोधणारा तो शिक्का आपल्या वहीत व आपला शिक्का त्या वहीत उमटवतो आणि डबा होता तसा ठेवतो. डब्याला ना कुलूप, ना राखणदार. एकाने झाकण उघडे टाकले, तर पावसात सर्वांच्या नोंदी वाहून जातील. कोणी पाहत नसतानाही व्यवहार चोख ठेवणे, हीच माणसाची खरी पत होय.