आमदाराकडे जाताना कागद घेऊन जा

कोणत्याही आमदाराच्या संपर्क कार्यालयात सकाळी जाऊन बसा आणि लोक काय कामे घेऊन येतात ते ऐका. उत्पन्नाचा दाखला अडलाय. रेशनकार्डावर सुनेचे नाव चढत नाही. डीपी जळून आठवडा झाला. मुलाला वसतिगृहात जागा हवी, मेहुण्याची बदली हवी, दवाखान्याच्या बिलासाठी पत्र हवे. पीए एकामागून एक फोन लावतो, साहेब पत्रांवर सह्या करतात. मंगळवार-बुधवार मंत्रालयात फायली हलवण्यात जातात, उरलेले दिवस उद्घाटने, लग्ने, साखरपुडे, दशक्रिया यांत. दशक्रियेला आला नाही म्हणून आमदारावर रुसलेली गावे महाराष्ट्रात आहेत. विधेयक न वाचता हात वर केला म्हणून रुसलेले गाव अजून माझ्या ऐकिवात नाही.

आमदाराला भेटू नका असे मी म्हणत नाही. जरूर भेटा, तो आपला माणूस आहे. पण दाखल्यासाठी त्याच्या दारात बसण्याची गरज नाही. 2015 पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्न, रहिवास, जात असे दाखले किती दिवसांत मिळायला हवेत हे ठरलेले आहे, आणि ती मुदत कार्यालयाने फलकावर लावायची आहे. अर्जाची पोच घ्या. मुदत टळली तर त्याच खात्यात पहिले अपील, मग दुसरे, तरीही दाद लागली नाही तर राज्य सेवा हक्क आयोगाकडे. गटाराचे काम ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे, तिथे सरपंच आणि नगरसेवक आहेत. आमदाराचे पत्र घेतले की काम लवकर होते, हे खरे. पण पत्र नसलेल्याचे काम तितकेच मागे पडते, हेही खरे.

मग आमदाराकडून काय मागायचे? सभागृहात फक्त त्यालाच करता येते ते. विधानसभेत 288 जागा आहेत आणि तिथे झालेला कायदा साऱ्या राज्याला लागू होतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग केला, त्यातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. देशाचा रोजगार हमी कायदा यायला 2005 उजाडले. शिफारसपत्राने एका घराचे काम होते. 1977 च्या कायद्याने दुष्काळी गावांतल्या मजुराला काम मागण्याचा हक्क दिला.

उलट, गदारोळात ‘होयचे बहुमत’ म्हणत काही मिनिटांत संमत झालेली विधेयकेही आपण पाहिली आहेत. आपण मध्ये बोलू शकत नाही, असे समजू नका. शहरी नक्षलवाद रोखण्यासाठी म्हणून आणलेले जनसुरक्षा विधेयक 2024 मध्ये मांडले गेले आणि पुढे संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. 2025 च्या जुलैत ते संमत झाले तेव्हा त्यात काही बदल झालेले होते. ते बदल पुरेसे होते का, यावर वाद आहे आणि तो राहीलही. पण लोकांनी लिहिले, आणि मसुदा जसाच्या तसा राहिला नाही.

म्हणून गाऱ्हाणे घेऊन जाल तेव्हा ते प्रश्नाच्या रूपात न्या. तारांकित प्रश्नाची एक ठरलेली घडण असते: अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. ‘आमच्या आरोग्य केंद्राचे काहीतरी बघा’ एवढ्यावरून असा प्रश्न बनत नाही. डॉक्टरचे पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे, कोणाला कधी अर्ज दिला, उत्तर काय आले, हे एका पानावर लिहा, पोचेच्या प्रती जोडा. मंत्र्याने ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर दिले तरी ते लेखी असते, छापून येते, आणि पुढच्या वेळी त्यावर बोट ठेवता येते. सभागृहात मंत्र्याने आश्वासन दिले असेल तर तेही टिपून ठेवा. आश्वासने पाळली का हे पाहायला विधिमंडळाची स्वतंत्र समितीच आहे.

वेळही सांभाळा. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. हिवाळी अधिवेशनासाठी आमदार नागपूरला निघाल्यावर हातात दिलेले निवेदन सहसा गाडीतच राहते. ते अधिवेशन डिसेंबरात असते, म्हणून आपले पान दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच्या हातात पडू द्या. चार शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि अधिवेशन संपल्यावर पुन्हा जाऊन विचारा: आमचा प्रश्न लागला का, आणि उत्तर काय आले?