क्लाइडकाठचा अर्धा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश यंत्रविद्येचे गोडवे गाणारे लेखक पार्सन्स यांच्या वाफेच्या टर्बाइनपासून निघतात आणि १९०६ साली क्लाइडबँकच्या गोदीतून पाण्यात उतरलेल्या ‘लुसिटानिया’पाशी धन्य होतात. ती बांधणारे हात त्यांना दिसत नाहीत. आपल्याला दिसतात, म्हणून आपण ‘लाल क्लाइड’चे पोवाडे गातो. पण आपणही अर्धाच इतिहास सांगतो, हे आता स्पष्ट बोलले पाहिजे.

१९११ साली क्लाइडबँकच्या सिंगर शिवणयंत्र कारखान्यात पॉलिशकाम करणाऱ्या १२ स्त्रियांवर वाढीव कामाचा बोजा लादला गेला. त्या बाहेर पडल्या आणि थोड्याच दिवसांत सुमारे ११ हजार कामगार त्यांच्यामागे बाहेर आले. कसबी कोण, बिनकसबी कोण, हा प्रश्न त्यांच्या आड आला नाही. संप फसला, शेकडोंना कामावरून काढले गेले. तरी एकजूट कशी असते ते तेथे दिसले.

चार वर्षांनी, महायुद्धाच्या धामधुमीत, काय घडले? १९१५च्या फेब्रुवारीत तासाला दोन पेन्स वाढीसाठी संप झाला. जुलैतील युद्धसामग्री कायद्याने कामगाराला मालकाच्या दाखल्याशी बांधून टाकले: दाखला नसेल तर सहा आठवडे दुसरीकडे काम नाही! या वेठबिगारीविरुद्ध लढणारे कारखाना-प्रतिनिधी शूरच होते. १९१६ साली त्यांतील काहींना ग्लासगोतून हद्दपार करण्यात आले. परंतु असंतोषाचे दुसरे कारण आपण हळूच झाकतो. कसबी काम तोडून बिनकसबी पुरुषांना व स्त्रियांना देण्यास विरोध, हे ते कारण. मालकांचा डाव मजुरी पाडण्याचा होता, यात शंका नाही. क्लाइड कामगार समितीने राष्ट्रीयीकरणाची व कामगार-नियंत्रणाची मागणी केली, हेही तिच्या पदरात घातले पाहिजे. मात्र स्त्रियांना सभासद करून समान दाम मागण्याचा मार्ग मोकळा असता कसबी कामगारांच्या युनियनने दार बंदच ठेवले. ते उघडले १९४३ साली! टीएनटी भरता भरता ज्यांची कातडी पिवळी पडली, त्यांना १९१९च्या कायद्याने युद्धपूर्व रिवाजांच्या नावाखाली यंत्रशाळांबाहेर काढले. आपल्या किती अभ्यासवर्गांत हे सांगितले जाते?

आणि त्याच १९१५ साली, त्याच ग्लासगोत, मेरी बार्बर यांच्यासारख्या गृहिणींनी घरमालकांविरुद्ध भाडेबंदी पुकारली. नोव्हेंबरात त्या न्यायालयावर चालून गेल्या तेव्हा गोद्यांतील हजारो पुरुष हत्यारे खाली ठेवून त्यांच्या मोर्च्यात आले. वर्ष संपण्यापूर्वी सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला.