कामाशिवाय भेटू या



मागच्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. ती नुकतीच एका भेटीहून परतली होती. गावाबाहेरचा एक जुना पब. त्याच्या तळघरात एका बाईचे भूत वावरते, अशी तिथली दंतकथा. तिथे पंधरा-वीस माणसे जमली होती, बरीचशी एकमेकांना अनोळखी. त्यांना एकत्र आणले होते जिओकॅशिंग नावाच्या खेळाने.

हा खेळ मे २००० मध्ये सुरू झाला. उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेत अमेरिकी सरकारने मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमधल्या एका माणसाने जंगलात एक बादली लपवली, आत वही ठेवली आणि जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवले. जो शोधेल त्याने वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची. आज असे लाखो डबे जगभर लपलेले आहेत. कधी कधी हे खेळाडू डबा न शोधता नुसतेच भेटतात, वहीत नावे लिहितात, गप्पा मारतात आणि घरी जातात.

हे सगळे ऐकून मी तिला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "घरी काय सांगून गेलीस?"

ती हसली. "मावशी, भेटायला जाते म्हणून सांगितलं. त्यात काय एवढं?"

तो प्रश्न माझ्याच तोंडून कसा निघाला, हे पुढे कितीतरी दिवस मला टोचत राहिले.

तिथल्या बायकांनाही हे आपोआप मिळालेले नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, म्हणजे पत्रकार आणि वकिलांच्या वस्तीत, एल विनो नावाचा प्रसिद्ध बार होता. तिथे काउंटरपाशी उभ्या असलेल्या बाईला पेय देत नसत. तिने मागच्या खोलीत जाऊन बसायचे. दोघीजणी, एक वकील आणि एक पत्रकार, कोर्टात गेल्या आणि १९८२ साली अपील न्यायालयात जिंकल्या. प्रश्न पेल्याचा नव्हता. ज्या जागी बातम्या, ओळखी आणि कामे मिळतात, तिथे बरोबरीने उभे राहण्याचा होता.

आमच्या गोंदियात पबाची जागा पानठेल्याला आहे. खर्रा घोटून होईपर्यंत पुरुष तासभर उभे असतात. कुणाची जमीन विकायची आहे, कुठे भरती निघाली, निवडणुकीत कोण उभे राहणार, सगळे तिथे कळते. बाई ठेल्यावर जाते ती सामान घ्यायला, आणि घेऊन लगेच वळते. दारूच्या अड्ड्याने संसार कसे मोडतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. गावोगावी आडव्या बाटलीसाठी बायकाच रांगा लावून मत देतात. आपल्याला गुत्ता नकोच आहे. पण पुरुषांना पिण्याच्या निमित्ताने भेटीचीही जागा मिळाली. आपल्याला अशी कोणती जागा मिळाली?

म्हणाल, बायका घराबाहेर पडतातच की! खरे आहे. आपल्या जिल्ह्यातली बाई रोवणीला जाते, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचते, मे महिन्यात तेंदूपाने तोडते, पावसाळ्यात सात्या आणि वास्ते शोधते. त्यासाठी जिवाचा धोकाही पत्करते. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मेल्या. तेंदूपानांसाठी पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईला कुणी "काहाले जातेस?" म्हणून विचारत नाही. तीच बाई मैत्रिणींबरोबर बसायला म्हणून निघाली, की घरातल्या प्रत्येकाला तो प्रश्न पडतो.

म्हणून आम्ही अकराजणींनी ठरवले, एकदा नुसतेच भेटायचे. जागा ठरली अर्जुनी मोरगाव तालुक्यातले नवेगाव बांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने हा तलाव बांधला, असे सांगतात. पुढे तो कोलासूर देव झाला. तलावाभोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी बांध घालायला मदत केली, अशी कथा आहे. कोलू पाटलाचे नाव राहिले, देवस्थान झाले. त्या सातजणींची वेगवेगळी नावे मात्र आमच्यापैकी एकीलाही सांगता आली नाहीत. आम्ही सगळ्या हसलो आणि मग जरा वेळ गप्प बसलो.

आमच्यातल्या एकीने आदल्या दिवशी गावाजवळ एका झाडापाशी स्टीलचा डबा ठेवला होता. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असे काही लपवू नये, म्हणून मुद्दाम बाहेर. फोन आम्हाला दहा पावले इकडे, दहा पावले तिकडे फिरवत राहिला. डबा सापडला तो साठी उलटलेल्या एका बाईंना. आयुष्यभर तेंदूपाने तोडलेल्या त्या बाई म्हणाल्या, "हा पाला कुणीतरी हलवला आहे." आत वही होती. या खेळात आपले नाव आपणच ठेवायचे असते. कुणी माहेरचे नाव लिहिले, कुणी लहानपणचे. त्या बाईंनी अंगठा उमटवला आणि आम्हाला लिहायला सांगितले, "आठवी बहीण."

मग चहा, चिवडा आणि खूप गप्पा. ठराव नाही, निवेदन नाही, हळदीकुंकू नाही, बचतगटाचा हप्ताही नाही.

बारावी मैत्रीण आली नाही. बचतगटाची मीटिंग असती तर तिला सोडले असते. "नुसतं फिरायला" म्हटल्यावर घरातून नकार आला. आणि खरे सांगायचे, तर मीही घरी "शिबिर आहे" असेच सांगून निघाले होते. इतकी वर्षे चळवळीत काढून, तुम्हाला मोकळेपणाचे धडे देऊन, स्वतःच्या विसाव्याला मी कामाचा पदर ओढला. ती निदान खरे बोलली आणि अडली. मी खोटे बोलून सुटले.

२०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक आले. मुंबईच्या रस्त्यांवर बाईला विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हवा, हे त्यांचे म्हणणे. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईकडे सतत कारण मागितले जाते, आणि कारण देता देता तीही मानू लागते की कारणाशिवाय आपल्याला बाहेर जागाच नाही. खेड्यातल्या बाईला हे लागू नाही, असे कुणी म्हणू नये. जिला विसावा मिळतच नाही, तिचाच त्यावर पहिला हक्क.

हिंसेविरुद्ध, मजुरीसाठी, जमिनीच्या सातबाऱ्यासाठी आपले लढे चालूच राहतील. त्यांच्या शेजारी ही छोटी मागणीही मांडू या. पुढचा अंक निघेपर्यंत एकदा तरी मैत्रिणींना कामाशिवाय भेटा. बांधावर, गुजरीत, ठेल्यावर, कुठेही. घरी काय सांगितले, काय ऐकावे लागले, ते आम्हाला कळवा. आमची पुढची भेट ठरली आहे. या वेळी बारावीच्या घरी आधी मी जाणार आहे. आणि माझ्या घरी सांगणार आहे, मैत्रिणींना भेटायला चालले आहे.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.