शिवार पाहिलेत, शाळा पाहिलीत का?

बैलजोडी घ्यायची तर आपण नुसती रंगवलेली शिंगे पाहून पैसे मोजत नाही. दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो, जमले तर औताला जुंपून पाहतो. जमीन घ्यायची तर सातबारा काढतो, फेरफार तपासतो, मे महिन्यात विहिरीला पाणी किती राहते ते बांधाच्या शेजाऱ्याला विचारतो. पण त्या जमिनीपायी घर हलवायचे ठरले, की मुलांच्या शाळेबद्दल एवढेच बोलणे होते : "गावात शाळा आहे ना?" "आहे की! यंदाच रंग दिलाय." झाले, विषय संपला.

वाचकहो, गाव बदलण्याचे प्रसंग पूर्वीपेक्षा आता अधिक येतात. कुणाची जमीन धरणात किंवा रस्त्यात जाते, कुणाच्या वाटण्या होतात, कुणी चार एकर बागायत मिळाली म्हणून दुसऱ्या तालुक्यात जातो, तर कुणी शहरातली नोकरी सोडून वडिलांच्या शेतावर परततो. जमीन हलकी निघाली तर गाळ-शेणखत घालून पाच वर्षांत तिला वळण लावता येते. मुलाची पहिली ते चौथीची वर्षे मात्र एकदाच येतात. त्या वर्षांत वाचायला आले नाही, तर पुढे प्रत्येक वर्गात ते मूल मागच्या बाकावर सरकत जाते आणि एक दिवस म्हणते, "मला शाळेत नाही जायचं." म्हणून नव्या गावची शाळा कशी पारखावी, याचा आज थोडा विचार करू.

पहिली गोष्ट वेळेची. आपले जमिनीचे व्यवहार बहुधा रब्बी निघाल्यावर, उन्हाळ्यात होतात. नेमकी तेव्हा शाळेला कुलूप असते. बंद शाळा पाहणे म्हणजे सुट्या बैलावरून नांगरट जोखणे. तेव्हा व्यवहाराचे बोलणे सुरू झाले, की डिसेंबर-जानेवारीतच एक दिवस काढावा आणि दोघांनी मिळून जावे. घरधनिणीला जे दिसते ते आपल्या नजरेला पडत नाही. शक्य तर त्या गावच्या किंवा जवळच्या बाजाराच्या दिवशी जावे. बाजाराच्या दिवशीही वर्ग भरलेले असतील, तर त्या गावात शाळेला मान आहे असे समजावे.

शाळेत गेल्यावर आधी मुख्याध्यापकांना भेटावे. "गुरुजी, आम्ही या गावी राहायला यायचे म्हणतो, दोन लेकरे आहेत, शाळा पाहू का?" असे सरळ सांगावे. चांगल्या शिक्षकाला याचा आनंदच होतो. जो कपाळाला आठ्या घालतो, त्याच्याही आठ्या आपल्याला काही सांगून जातात.

मग मुलांकडे वळावे. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' या नावाने देशभर खेड्यापाड्यांत मुलांची पाहणी करते. तिची रीत आपल्याला घरबसल्या वापरता येईल इतकी सोपी आहे. मूल कितवीत आहे ते सोडून द्यायचे आणि त्याला अक्षर, शब्द, चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते पाहायचे. गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागणे. आपणही गुरुजींच्या परवानगीने चौथीतल्या चार-पाच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला एखादा उतारा वाचायला सांगावा. ५२ मधून २७ वजा करायला द्यावे, ७३८ ला ६ ने भागायला द्यावे. हुशार म्हणून पुढे केलेल्या मुलाला नव्हे. खिडकीशी बसलेल्या, अंग चोरणाऱ्या मुलाला विचारावे. शाळा कशी आहे ते पहिला नंबर सांगत नाही, शेवटचा नंबर सांगतो. मात्र साहेबासारखे उलटतपासणीला बसू नये. लेकरे बुजतात. आधी नाव, घरची म्हैस, आवडता खेळ, असे बोलून घ्यावे.

दोन-चार वह्या चाळाव्यात. वहीत तारखा असतात, त्या पाहाव्यात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षाला निदान २०० दिवस आणि सहावी ते आठवीचे २२० दिवस भरायला हवेत. वहीत ऑगस्टनंतर एकदम ऑक्टोबर उगवला असेल, तर मधल्या काळात काय झाले ते विचारावे. चूक दुरुस्त करून पुन्हा लिहून घेतलेली दिसली, तर शिकवणारा जागा आहे. पानोपानी नुसतीच बरोबरची खूण असेल आणि खाली शब्द चुकलेले असतील, तर समजायचे ते समजावे.

आता शिक्षकांविषयी. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार असे प्रमाण दिले आहे. म्हणजे लहान गावात दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता, हे चित्र नेहमीचेच. त्यावरून नाक मुरडू नये. पाहायचे ते हे, की गुरुजी पहिली-दुसरीला शिकवीत असताना तिसरी-चौथीची मुले काय करतात? ती गटाने गणिते सोडवीत असतील, मोठे मूल लहानाला वाचून दाखवीत असेल, तर ती दोन शिक्षकी शाळा मोठ्या शाळेच्या तोंडात मारील. ती नुसती भिंतीकडे पाहत बसली असतील, तर पाच शिक्षक असूनही उपयोग नाही. कागदावर दोन आणि वर्गात एकच शिक्षक असेल, तर दुसरा कुठे आहे, रजेवर, दुसऱ्या कामावर की पदच रिकामे, हे नीट विचारावे.

इमारतीविषयी एक सांगण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची जागा पडकी होती आणि शेजारी गोठा होता. त्याच शाळेतल्या कामाबद्दल २०२० मध्ये त्यांना जगातल्या शिक्षकांसाठी असलेला 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातला निम्मा वाटा त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना दिला. सांगायचे ते एवढेच, की गोठ्याशेजारीही शाळा उभी राहते आणि फरशीच्या चकचकीत खोलीतही ती झोपू शकते.

पण म्हणून सगळा भार एका गुरुजींवर टाकून गाव बदलू नये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. आज ज्यांच्यावर भाळून आपण बिऱ्हाड हलवले, ते येत्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात गेलेले असू शकतात. तेव्हा खरा प्रश्न असा : गुरुजी गेल्यावर या शाळेला धरून ठेवणारे कोण आहे? याचे उत्तर गावात मिळते. विहिरीचा झरा पाहावा तसे हे पाहावे. पाऊस पडल्यावर सगळ्याच विहिरी भरतात. झरा कुणाला आहे ते उन्हाळ्यात कळते.

हा झरा शोधायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. समितीच्या सभेची वही पाहायला मागावी. तिथे नळ दुरुस्त करण्याचा, शिक्षकाचे पद भरावे म्हणून पंचायत समितीकडे अर्ज केल्याचा, गैरहजर मुलांच्या घरी जाण्याचा ठराव असेल, तर गाव जिवंत आहे. सगळ्या सभांचा मजकूर एकाच दिवशी, एकाच शाईने लिहिलेला दिसला, तर समिती कागदावरच आहे. मग चावडीवर, पिठाच्या गिरणीत सहज विचारावे : "मावशी, तुमची नात कुठल्या शाळेत जाते?" सकाळी फाट्यावर उभे राहून बाहेरगावच्या शाळेच्या गाडीत किती मुले चढतात तेही मोजावे. अर्धे गाव गाडीत चढत असेल, तर कारण शोधावे. कधी शाळा कच्ची असते. कधी शाळा चांगली असूनही टाय-बुटाची हौस असते. इंग्रजीची काळजी असेल तर हे लक्षात ठेवावे, की महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात आणि काही जिल्हा परिषद शाळांत गणित-विज्ञान इंग्रजीतून चालते.

दुपारच्या जेवणापर्यंत थांबावेच. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरलेले असते. खिचडीत डाळ दिसते का, भाजी आहे का, हे घरच्या बाईला एका नजरेत कळेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पंगत. सगळ्या आळ्यांची मुले एका रांगेत बसतात का? कुणाला वेगळे, शेवटी किंवा वरून वाढले जात नाही ना? जिथे लेकरांच्या पंगतीत भेद आहे, तिथे फळ्यावर कितीही सुविचार लिहिले तरी ती शाळा आपल्या लेकराला वाईटच शिकवणार. मुलींचे शौचालय वेगळे आहे का, उघडे आहे का, आत पाणी आहे का, हे आईने स्वतः पाहून यावे. पुष्कळ ठिकाणी ते असते, पण किल्ली कपाटात असते.

आता सगळ्यांत जिव्हाळ्याचा मुद्दा. पुष्कळ गावांतली शाळा चौथी-पाचवीला संपते. त्यापुढे काय? पहिलीतल्या मुलीचा बाप म्हणतो, "पाहू तेव्हाचे तेव्हा." पण ते 'तेव्हा' चार पावसाळ्यांत येते. पुढची शाळा ओढ्यापलीकडे असेल, ओढ्यावर फरशी नसेल, सांजची एस.टी. बेभरवशाची असेल, तर मुलगा सायकलवर जातो आणि मुलगी घरी बसते. तिला कुणी "शिकू नको" म्हणत नाही, नुसती वाट बंद होते. तेव्हा गाव ठरवण्याआधी आठवीपर्यंतची आणि दहावीपर्यंतची शाळा कुठे आहे, ते अंतर स्वतः चालून पाहावे, पावसाळ्यात रस्ता राहतो का ते विचारावे. एस.टी.त मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. पण पास असून गाडी नसेल तर काय उपयोग? शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी आहे का, ते पाहावे. त्या गावातल्या किती मुली आज नववी-दहावीत आहेत, हा एक प्रश्न विचारला तरी निम्मी परीक्षा होते.

नवोदय विद्यालयाची आशा धरणाऱ्या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सहावीच्या प्रवेशासाठी मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावे लागते, आणि ग्रामीण भागाच्या राखीव जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली लागतात. म्हणून पाचवीच्या मध्यावर जिल्हा ओलांडायचा असेल तर दहा वेळा विचार करावा.

काहीजण विचारतील, शाळा कच्ची निघाली तर काय, सोन्यासारखी जमीन सोडायची? नाही. मग पर्याय जोखावा. तीन किलोमीटरवरच्या शेजारच्या गावात शाळा चांगली असेल, तर वस्ती त्या बाजूला करता येईल का? धाकटे लहान आहे आणि थोरली सातवीत आहे, तर तिचे वर्ष पुरे होईपर्यंत ती आजी-आजोबांकडे राहू शकेल का? आणि गाव सरळ असेल, पण शाळेकडे कुणाचे लक्ष नसेल, तर जाऊन समितीत बसावे. पट कमी झालेल्या शाळांवर टांगती तलवार असते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला होता. अशा शाळेत तुमची दोन मुले पटावर येणे आणि तुम्ही सभेला येणे, याला मोल असते.

निघताना कागदांचे पाहावे. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडताच नाव, जन्मतारीख, जात यांची अक्षरे तिथल्या तिथे वाचून घ्यावीत. पुढे जातीच्या दाखल्यासाठी हाच कागद धरतात. मात्र दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, आणि जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो, असे कायदा स्पष्ट सांगतो. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी मुलांचे महिने वाया जातात.

जूनमध्ये पेरणीची घाई असते. त्या घाईत नव्या गावात लेकराला हाताला धरून वर्गात सोडायला कुणालाच सवड नसते. म्हणून ही पारख आताच, हातात वेळ आहे तोवर करावी. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे पुन्हा मिळतो. लेकराच्या गेलेल्या वर्षाचा उतारा कुठल्याच कचेरीत मिळत नाही.