चव्हाट्यावरची रायफल

यंदाच्या दिवाळी अंकाच्या निमित्ताने एका अशा प्रश्नाचा विचार वाचकांपुढे ठेवण्याची इच्छा आहे, जो वरकरणी सातासमुद्रापलीकडचा भासला तरी मराठी घरांपासून आता तितका दूर राहिलेला नाही. ज्या डॅलस शहरात आपल्या मंडळींचा गणेशोत्सव थाटाने साजरा होतो, जेथे आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे कायमची वस्ती करून राहिली आहेत, त्या टेक्सास राज्यात प्रौढ नागरिकाने खांद्यास रायफल अडकवून भर रस्त्याने चालावे, यास कायद्याची हरकत नाही. लोकांस भेडसावण्याच्या इराद्याने त्याने ती मिरवू नये, एवढीच अट आहे. असा मनुष्य समोरून येताना दिसला असता बंदोबस्तावरील पोलिसाने नेमके काय करावे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना त्या बलाढ्य राष्ट्राची न्यायबुद्धी वारंवार कुंठित झाली आहे, आणि त्याची किंमत निरपराध माणसांनी व कर्तव्यावरील शिपायांनी सारखीच मोजली आहे.

या प्रश्नाचे मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेस १७९१ साली जोडल्या गेलेल्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला आणि २०२२ साली तो हक्क घराच्या उंबरठ्याबाहेरही मान्य केला. मात्र न्यायालये, विधिमंडळे, मतदानकेंद्रे अशा नाजूक स्थळी शस्त्रास मज्जाव करता येतो, हेही त्याच निवाड्यात नमूद झाले. शस्त्र उघड बाळगावे की झाकून, आणि त्यासाठी परवाना लागावा की लागू नये, याविषयीचे कायदे राज्यागणिक भिन्न आहेत. मोंटाना, वायोमिंग यांसारख्या विस्तीर्ण व विरळ वस्तीच्या मुलखात शिकारीस निघालेल्या मनुष्याच्या हाती रायफल दिसणे, हे आपल्याकडे शेताकडे निघालेल्या कुणब्याच्या हाती विळा दिसण्याइतके स्वाभाविक मानले जाते, आणि खंडेनवमीस शस्त्रांची पूजा बांधणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने त्या जीवनरीतीस नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु रानातील रायफल कशासाठी आहे हे पाहणाऱ्यास तत्काळ कळते. चव्हाट्यावरील रायफल कशासाठी आहे हे केवळ ती बाळगणाऱ्याच्या अंतःकरणास ठाऊक असते. हा भेद इंग्रजी कायद्याने १३२८ सालीच ओळखला होता. बाजारात व जत्रेत सशस्त्र हिंडून प्रजेस भयभीत करणे हा गुन्हा तेव्हाच ठरला, आणि त्याच परंपरेतील गुन्हा नॉर्थ कॅरोलिना राज्यात आजही अस्तित्वात आहे.

आता पोलिसाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. १९६८ सालच्या एका गाजलेल्या निवाड्यानुसार, एखाद्या इसमास थोड्या वेळापुरते जरी अडवावयाचे, तरी त्याच्या हातून गुन्हा घडत आहे किंवा घडणार आहे, असे मानण्यास सयुक्तिक व सांगता येण्याजोगा आधार अमेरिकन पोलिसाजवळ असावा लागतो. जेथे शस्त्र उघड बाळगणे हेच कायदेशीर, तेथे निव्वळ शस्त्र दिसले हा असा आधार होऊ शकत नाही. ओहायोतील टोलेडो शहरी कंबरेस पिस्तूल लावून कुत्रा फिरवावयास निघालेल्या एका गृहस्थास पोलिसांनी अडकवून ठेवले, त्या प्रकरणात वरिष्ठ संघीय न्यायालयाने २०१५ साली हाच दंडक घालून दिला. तथापि त्याच न्यायालयाने त्याच्या तीन वर्षे आधी, टेनेसीतील एका सार्वजनिक उद्यानात लष्करी छापाचे कपडे घालून व रायफलीसारखे दिसणारे मोठे शस्त्र पाठीस लावून फिरणाऱ्या इसमास अडवून चौकशी करणे गैर नव्हते, असेही ठरविले होते. या दोन निवाड्यांच्या मधला प्रदेश अरुंद आहे, आणि न्यायाधीशांस ज्याचा विचार करण्यासाठी कित्येक महिने मिळतात, तो निर्णय रस्त्यावरील शिपायास काही क्षणांत घ्यावा लागतो.

त्या क्षणांच्या आधी काय घडते, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. २०१५ च्या ३१ ऑक्टोबर रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील एका महिलेने तातडीच्या मदतीच्या ९११ या क्रमांकावर फोन करून, शेजारी एक मनुष्य रायफल घेऊन हिंडत आहे, असे कळविले. राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र उघड बाळगण्यास मुभा आहे, असे तिला सांगण्यात आले. आणि अवघ्या काही मिनिटांत त्या मनुष्याने रस्त्यावर तीन माणसांचे प्राण घेतले. याच्या अगदी उलट प्रकार त्यापूर्वीच्या वर्षी ओहायोत घडले होते. तेथे एका मोठ्या दुकानात विक्रीसाठी मांडलेली छऱ्याची बंदूक हाती घेऊन फोनवर बोलत उभा असलेला २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळीस बळी पडला. आणि क्लीव्हलँडच्या एका बागेत खेळण्यातील पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या १२ वर्षांच्या मुलावर पोलिसांची गाडी थांबताच गोळी झाडली गेली. ते शस्त्र बहुधा खोटे असावे, असे फोन करणाऱ्याने सांगितले होते. ते सांगणे शिपायांपर्यंत पोहोचलेच नाही. म्हणजे शस्त्र उघड बाळगण्यास मुभा असलेल्या या राज्यांत एकाच धर्तीच्या वार्तेवर एका ठिकाणी केवळ कायद्याचे कलम ऐकविले गेले, तर अन्यत्र कायद्याचे स्मरणही न ठेवता प्राण घेतला गेला. दोन्हीकडे चूक एकच होती: शस्त्र आहे की नाही, एवढ्यावरच विचार थांबला आणि शस्त्रधारी काय करीत आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

या प्रश्नाच्या उत्तरातच पोलिसांच्या कर्तव्याची दिशा आहे, असे आमचे ठाम मत आहे. फोनवर वर्दी घेणाऱ्याने, रायफल खांद्यावर आहे की हातात, नळीचा रोख कोणीकडे आहे, तो मनुष्य कोणाचा पाठलाग करीत आहे काय, कोणास दटावीत आहे काय, कोणत्या इमारतीत शिरत आहे, हे शांतपणे विचारून घ्यावे आणि जे ऐकले ते सर्व, शंकांसह, शिपायास जसेच्या तसे कळवावे. शिपायाने थेट अंगावर न जाता आडोसा व अंतर राखून प्रथम निरीक्षण करावे, कारण अंतरामुळे वेळ मिळतो आणि वेळ मिळाला म्हणजे माणसाचा हेतू त्याच्या हालचालींतून प्रकट होऊ लागतो. जेथे हालचालीत धोका नाही, तेथे सभ्य शब्दांत विचारपूस करावी, आणि उत्तर न देण्याचा हक्क समोरच्याने बजावला तर त्यास आपल्या अंमलाचा अपमान समजू नये. जेथे नळी माणसांकडे वळली, धमकी उच्चारली गेली किंवा कोणाची वाट अडविली गेली, तेथे मात्र क्षणाचाही विलंब न लावता हस्तक्षेप करावा. जाहीर सभा अथवा मोर्चा असेल तेव्हा संयोजकांशी आधी बोलणी करून, परस्परविरोधी जमाव वेगळे ठेवून, कोणत्याही सशस्त्र टोळीस बंदोबस्तातील भागीदाराचा मान मिळणार नाही, याची दक्षता घ्यावी. आणि कोणास अडविले, कोणास सोडले, याची नोंद दफ्तरी ठेवून ती लोकांस पाहू द्यावी.

या शेवटच्या सूचनेवर आम्ही विशेष भर देतो, कारण या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुखरे सत्य समदृष्टीच्या अभावाचे आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला आणि कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या पोलिसी जुलमावर नजर ठेवण्यासाठी त्यांचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले. त्या वेळच्या कायद्यात त्यास बंदी नव्हती. पुढच्याच वर्षी ही मुभा काढून घेणारे विधेयक पुढे आले, त्याच्या निषेधार्थ २ मे रोजी ते सॅक्रामेंटोच्या विधानभवनात सशस्त्र शिरले, आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याच उन्हाळ्यात त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. याउलट २०२० च्या एप्रिलमध्ये मिशिगनच्या विधानभवनात रायफलधारी गोरे निदर्शक प्रेक्षकसज्जात जाऊन उभे राहिले, तेव्हा तेथे ते कायदेशीर होते. खाली सभागृहात बसलेल्या काही सदस्यांनी गोळीरोधक जाकिटे चढविली, आणि सभागृहाच्या वास्तूत शस्त्र उघड बाळगण्यास मनाई होण्यास पुढील जानेवारी उजाडावा लागला. २०२० च्याच ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे दंग्याच्या रात्री १७ वर्षांच्या एका गोऱ्या मुलाने रायफलीने दोन माणसांस ठार केले आणि तो हात वर करून पोलिसांच्या दिशेने चालत गेला असता त्यांच्या गाड्या त्यास ओलांडून पुढे निघून गेल्या. ज्यूरीने पुढे स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर त्यास निर्दोष ठरविले. त्या निवाड्याविषयी येथे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की क्लीव्हलँडच्या बागेत जितका संशय दाखविला गेला आणि केनोशाच्या रस्त्यावर जितका विश्वास दाखविला गेला, त्यांमधील अंतर कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

अत्याचारितांस शस्त्राशिवाय अन्य आधार कोणता, असा प्रश्न येथे प्रामाणिकपणे विचारला जातो, आणि ओकलंडच्या तरुणांनी तो विचारला तेव्हा त्यांच्या पाठीशी प्रत्यक्ष अनुभव होता. परंतु त्यांचाच इतिहास असे दाखवितो की उघड शस्त्राचा हक्क दुर्बलाच्या हाती जाताच तो संकुचित होतो, आणि प्रबळाच्या हाती असेतोवर तो पवित्र मानला जातो. दुर्बलांचे रक्षण अशा हक्काच्या भरवशावर सोडणे म्हणजे त्यांस अधिक मोठ्या धोक्यात लोटणे होय.

शिवाय उत्तमातील उत्तम शिपायाच्या विवेकासही मर्यादा आहेत. ७ जुलै २०१६ रोजी डॅलस येथे कृष्णवर्णीयांवरील पोलिसी गोळीबाराच्या निषेधार्थ शांततेने मोर्चा निघाला होता आणि पोलीस त्याच्या संरक्षणास सोबत चालत होते. एका मारेकऱ्याने दडून झाडलेल्या गोळ्यांनी पाच पोलीस अधिकारी मृत्युमुखी पडले. मोर्चात वीस-तीस माणसे कायद्याच्या मुभेनुसार रायफली घेऊन आली होती; गोळ्या सुटताच ती पळू लागली, आणि यांपैकी मारेकरी कोण व भयभीत नागरिक कोण, हे ओळखणे अशक्य झाले. त्यांतील एका निरपराध मनुष्याचे छायाचित्र संशयित म्हणून पोलिसांनी प्रसिद्ध केले. त्याने आपले शस्त्र आपण होऊन पोलिसाच्या स्वाधीन केले होते. शहराचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी ही अडचण नंतर स्पष्ट शब्दांत बोलून दाखविली. त्याच महिन्यात क्लीव्हलँड येथे रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले असता, ही मुभा तेवढ्यापुरती तहकूब करावी, अशी विनंती तेथील पोलिसांच्या संघटनेने गव्हर्नर जॉन केसिक यांस केली. आपणास तसा अधिकार नाही, असे त्यांनी उत्तर दिले. ज्या कायद्याची अंमलबजावणी करावयाची, त्याच कायद्यापासून संरक्षण मागण्याची पाळी पोलिसांवर आली, यातच त्या कायद्याचे वैगुण्य सिद्ध होते.

म्हणून पोलिसांस शिकवण देऊन कायदेमंडळांची जबाबदारी संपत नाही. हक्क अबाधित ठेवूनही सभा, मोर्चे, मतदानकेंद्रे व विधानभवने शस्त्रमुक्त करता येतात, आणि याची उदाहरणे अमेरिकेतच आहेत. शिकागोत शस्त्रे घेऊन संचलन करणाऱ्या एका खासगी पथकाच्या खटल्यात, अशा संचलनास बंदी करणारा इलिनॉय राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८६ सालीच वैध ठरविला होता. नॉर्थ कॅरोलिनात मिरवणूक वा निदर्शनात भाग घेणाऱ्यास आणि ते पाहणाऱ्यासही शस्त्र बाळगता येत नाही, आणि वॉशिंग्टन राज्याने २०२१ साली परवानगीने होणाऱ्या निदर्शनांत उघड शस्त्रास मनाई केली.

आपल्या देशाने हा प्रश्न निराळ्या अनुभवातून सोडविला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने हिंदी प्रजेस परवान्याच्या बंधनात जखडले आणि युरोपियनांस त्यातून सूट दिली. ती सल इतकी खोल होती, की १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला. पण १९४८ च्या अखेरीस हरि विष्णू कामत यांनी संविधान सभेत तसा हक्क मागितला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, आणि अखेर घटनेने नागरिकांस एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले ते शांततेने व शस्त्रांवाचून जमण्याचे. महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) पोलीस अधिनियमाचे १९५१ पासूनचे ३७ वे कलम, ज्याचे शस्त्रबंदीचे जाहीरनामे सणासुदीस आपणास वर्तमानपत्रांत नित्य दिसतात, त्याच धोरणाचे अपत्य आहे. मिरवणुकीतील तलवारी व लग्नातील गोळीबार आपल्याकडे अद्याप थांबलेले नाहीत, २०१९ साली आनंदाच्या गोळीबारास स्वतंत्र शिक्षा सांगावी लागली, आणि कायद्याचा बडगा सर्वांवर सारखा उगारला जातो असेही म्हणवत नाही. तरीही शस्त्रांवाचून जमावे, हे आपले तत्त्व अभिमानाने जपण्याजोगे आहे.

अमेरिकेचे नागरिक झालेल्या मराठी वाचकांस आमची कळकळीची विनंती आहे. बहुतेक राज्यांत शस्त्रांविषयी स्वतंत्र नियम करण्यास शहरांस मनाई असल्याने, कायद्याचा आग्रह त्यांनी राज्याच्या प्रतिनिधीजवळ धरावा. पण ९११ वरील सेवकांस काय शिकविले जाते आणि पोलिसांच्या नोंदी लोकांस खुल्या आहेत काय, हे प्रश्न त्यांनी आपल्या नगरसभेत उभे राहून अवश्य विचारावेत. ज्या देशात आपली मुले शाळेत जातात, त्या देशाच्या रस्त्यांविषयी आपण परके म्हणून मौन धरणे योग्य नव्हे.